जातं शब्दासाठी थांबत होतं

सीताबर्डीच्या फुटपाथवर हातगाडीवर 'हक्का नूडल्स' मिळतात. पाळी सुटली की आपण चार मित्र उभ्या उभ्या खातो अन् घरी जातो. हक्का म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मसाल्याचं नाव असेल, असं वाटायचं.

वाचनात आलं तेव्हा कळलं की हक्का हा चीनमधला एक समाज आहे. शब्दाचा अर्थ 'पाहुणी घरं'. म्हणजे जिथे राहतात तिथले मूळचे नव्हेत, बाहेरून आलेले. त्यांच्यातले काही लोक कलकत्त्याला आले आणि टांगरा भागात त्यांनी कातडं कमावण्याचे कारखाने काढले. तो धंदा त्यांना मोकळा सापडला, कारण इथला सवर्ण कातड्याला हात लावत नव्हता. त्या कारखान्यांत हाताखाली राबायला बिहारकडचे चर्मकार मजूर होते. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने ते कारखाने शहराबाहेर हलवायचा हुकूम केला. म्हणजे ज्या हक्काची आपण चव घेतो, त्याचा आपल्या माणसांशी कातड्याचा संबंध निघाला. पण मला आज कातड्याबद्दल बोलायचं नाही. मला गाण्याबद्दल बोलायचं आहे.

हक्का लोकांची डोंगरगाणी प्रसिद्ध आहेत. चहाची पानं खुडताना, लाकडं तोडताना एका उतारावरून बाईने म्हणायचं, दुसऱ्या उतारावरून पुरुषाने उत्तर द्यायचं. चार ओळी, बहुतेक वेळा ओळीत सात अक्षरं. कष्टाची गाणी. पण त्यांच्या भाषेत एक अडचण आहे. तिथे शब्दाचा अर्थ नुसत्या अक्षरात नसतो, आवाजाच्या चढ-उतारात असतो. मेइशियान भागातल्या हक्का बोलीत असे सहा स्वर मानतात. तेच अक्षर खालच्या पट्टीत म्हटलं तर एक अर्थ, वर चढवून म्हटलं तर दुसरा. आपल्या देशात मिझो आणि मणिपुरी या अशा भाषा आहेत. पंजाबीतही हा प्रकार आहे. 'घोडा' म्हणताना पंजाबी माणूस 'घ' मधला 'ह' गिळतो आणि त्याच्या जागी आवाज वाकवतो.

मग असल्या भाषेत गाणं कसं करायचं? चाल वर चढते आणि शब्द खाली उतरणारा आहे, तर अर्थाचं काय? हक्का गाणाऱ्याने त्यावर तोड काढली. चालीचा सांगाडा ठरलेला ठेवायचा, पण तो शब्दाच्या बाजूने वाकवायचा. चाल मालक नाही, शब्द मालक. ही गोष्ट वाचली अन् मी आठ दिवस तिच्याच मागे लागलो.

तुम्ही म्हणाल, मराठीत असं काही नाही. 'पान' वर चढवून म्हणा की खाली पाडून म्हणा, पान ते पानच. हे खरं आहे. मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून कोणत्याही चालीत कोणताही शब्द बसवला तरी चालतो, असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. माझा हा समज माझ्या आजीने मोडला.

आजी उमरेडकडची. जात्यावर जन्म गेला. आता घरात जातं नाही, पण ओव्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या चाळीसेक ओव्या वहीत उतरवल्या. बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या, माहेराच्या, मेलेल्या लेकराच्या. उतरवताना मी शहाणपणा केला. 'मले' चं 'मला' केलं. 'जलम' चं 'जन्म' केलं. 'डोया' चं 'डोळा' केलं. 'वं माय' होतं तिथे 'गं आई' घातलं. छापायचं तर नीट छापावं, आपली बाई अडाणी दिसू नये, हा हेतू. मग एका रात्री तिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता म्हणून दाखव. तिने दोन ओळी धरल्या, थांबली, पुन्हा धरल्या, पुन्हा अडली. म्हणाली, "हे कोण्या मास्तरनीचं व्हय रे बाबू? माह्या तोंडात नाई बसत."

मला राग आला. तिचेच शब्द, तिचीच चाल, मग बसत कसं नाही? म्हणून मी अक्षरं मोजायला बसलो.

तिच्या ओव्या तिच्याच राहू द्या. त्या कशा अडतात हे दाखवायला मी एक ओळ स्वतः बांधतो:

जलम गेला वं माय, दुसऱ्याच्या वावरात

पहिला तुकडा मोजा. ज-ल-म-गे-ला-वं-मा-य. आठ. दुसराही आठ. आता माझ्यासारख्या शहाण्याने ती 'शुद्ध' केली:

जन्म गेला गं आई, दुसऱ्यांच्या शेतामध्ये

ज-न्म-गे-ला-गं-आ-ई. सात. एक अक्षर गेलं. खुंट्याचा एक हिसका रिकामा गेला. आजी नेमकी तिथेच अडत होती.

ओवी-अभंग हे अक्षरछंद. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' नावाचा मोठा ग्रंथ लिहून मराठी पद्याची सगळी मापं मांडली. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच, की अशा छंदात ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. प्रत्येक अक्षराला सारखं वजन. लहान अक्षरही गाताना ताणून पुरं करायचं. बोलताना आपण 'जलम' म्हणतो तेव्हा शेवटचा 'म' तोडतो. गाताना तो उघडतो आणि 'ज-ल-म' असे तीन धक्के पडतात. 'माय' बोलताना एक झटका, गाताना दोन.

जोडाक्षर इथे आडवं येतं. 'जन्म' मधल्या 'न्म' ला ताणता येत नाही. 'मंत्र', 'सूर्य', 'प्रकाश' यांचंही तेच. म्हणून बाया जोडाक्षर फोडतात आणि मध्ये एक स्वर घालतात: मंतर, सुरय, परकास. पंडित याला स्वरभक्ती म्हणतात. संस्कृतात झालं की स्वरभक्ती, आमच्या आजीच्या तोंडी झालं की अशुद्ध. खरं तर ती जोडाक्षर येत नाही म्हणून फोडत नाही. गाण्यात प्रत्येक अक्षराला उभं राहायला जागा लागते म्हणून फोडते. सगळ्यांना सारखं वजन द्यायचं तर एकाच्या डोक्यावर दुसऱ्याला बसवून कसं चालेल?

'डोया' चं पण तसंच. 'डोळ्यात' म्हणताना जीभ मागे वळून 'ळ्या' वर अडकते. आमचं 'डोयात' उघडं आहे, 'यां' वर पाहिजे तेवढा सूर लांबवा. नागपूर-वऱ्हाडकडे 'ळ' चा 'य' होतो याची टिंगल मी शाळेत फार ऐकली. त्या 'य' वर आजी किती वेळ सूर धरते, हे टिंगल करणाऱ्याने एकदा ऐकायला पाहिजे होतं.

आणि ते 'वं'. पुण्या-नगरकडच्या ओवीत 'गं' आणि 'बाई' भरतात. आमच्याकडे बाईला हाक मारायची तर 'वं', पुरुषाला 'गा'. समीक्षक या शब्दांना 'पादपूरक' म्हणतात, म्हणजे ओळ भरायला घातलेला कचरा. पण ते येतात कुठे ते पाहा. जिथे बोलताना आपण कोणाला तरी धरून बोलतो, आवाज वर चढवून लांबवतो, तिथेच येतात. "काऊन गाऽ", "ऐक ना वंऽ". नागपुरी माणूस वाक्याचं शेपूट ओढतो, हे बाहेरचा माणूस दोन मिनिटांत ओळखतो. ओवीची चाल तिथेच ओढली जाते. म्हणजे चाल बोलण्यातूनच निघाली आहे. 'वं' काढून 'गं' घातलं तर अक्षर एकच राहतं, माप बिघडत नाही. पण हाक मारणारी बदलते. उमरेडची बाई जाते आणि कोणीतरी दुसरीच जात्यावर बसते.

हक्काच्या गाण्यात सूर चुकला तर शब्द बदलतो. आपल्या गाण्यात बोली चुकली तर माणूस बदलतो. मला एवढंच म्हणायचं आहे. पुढचं सगळं त्याचा हिशोब आहे.

बाबासाहेबांचं नाव बायांनी कसं घेतलं तेही पाहा. 'आंबेडकर' पाच अक्षरं, बोलताना तीनच झटके, मध्ये 'ड' गिळलेला. ओवीत ते कमी येतं. 'भीम' येतं, 'भीमराव' येतं, 'भीमबाबा' येतं. 'भीम' मध्ये 'ई' दीर्घ, हवी तितकी धरता येते. शेवटी 'म', तो मिटलेल्या ओठातही गुणगुणत राहतो. 'बाबासाहेब' मध्ये एकामागे एक चार लांब स्वर. ही नावं भक्तीने तोंडी बसली हे खरंच. पण ती गळ्यातही बसली. कोणत्याही पुढाऱ्याचं नाव असं बसत नाही, घोषणेत ओरडावं लागतं.

आता 'शुद्ध' या शब्दाकडे वळतो. मुंबईच्या गिरण्यांत एक काळ होता, विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आमच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नसे. पगार त्या खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आज सूतगिरणीत कोणी धागा ओढत नाही अन् कोणी ते विचारतही नाही. पण आमच्या तोंडून निघालेला शब्द छापण्याआधी आम्हीच पुसून घेतो. मी आजीच्या वहीत तेच केलं. दुसऱ्याने विटाळ मानला तर आपण भांडतो. स्वतः मानला तर त्याला 'संपादन' म्हणतो.

इथून मला भीमगीतांवर यायचं आहे. मित्रांना राग येईल, येऊ द्या.

आमच्या गाण्यांवर प्रस्थापितांचा एक ठरीव आरोप आहे की ही गाणी कच्ची, मात्रा तुटलेली, सिनेमाच्या चालीवर कोंबलेली. आपण उत्तर देतो की हे जातीय आहे. जातीय आहेच. ज्यांना ओवीचं माप कळलं नाही त्यांनी मात्रा मोजू नये. पण आरोपातला शेवटचा तुकडा मात्र आपल्याला टोचला पाहिजे.

सिनेमाची चाल आपण का घेतली ते मला कळतं. बस्तीत ना पेटी होती ना स्वरलिपी. चाल लोकांना आधीच पाठ असायची, एका रात्रीत गाणं चार गावं फिरायचं. चळवळीला तेच पाहिजे होतं. वामनदादा कर्डकांना (१९२२–२००४) सिनेमाच्या चालीचं वावडं नव्हतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, मोठेपणी अक्षरं शिकलेला हा माणूस गावोगाव गात फिरला. त्यांचं गाणं चालीवर बसतं, कारण शब्द लहान, बोलण्यातले, आणि बोलणं जिथे थांबतं तिथेच ओळ थांबते. नागपूरच्या नागोराव पाटणकरांनी कव्वाली घेतली. कव्वालीही बाहेरचीच. पण कव्वालीत एक ओळ चार वेळा फिरवता येते, मध्ये थांबून लोकांशी बोलता येतं, पुन्हा धरता येते. बोलण्याला तिथे दार उघडं आहे. म्हणून ती नागपूरच्या मैदानात रुजली.

बिघडतं ते पुढे. आता चौदा एप्रिलला इंदोऱ्यापासून संविधान चौकापर्यंत चालत जा अन् कान देऊन ऐका. हिंदी चाल, तिचा ठोका ठरलेला. त्यात 'बाबासाहेबांच्या' हा शब्द टाकला. बा-बा-सा-हे-बां-च्या, सहा अक्षरं. चालीचा सगळ्यात जड ठोका येतो सहाव्यावर. मग पाच हजार वॅटमधून ऐकू काय येतं? 'च्याऽऽऽ'. बाबासाहेब घाईत उरकले आणि प्रत्यय गाजला. 'शिल्पकार' दोन ओळींत कापला, 'शिल्प' इकडे, 'कार' तिकडे. पोरं नाचतात, मीही नाचलो आहे. पण घरी आल्यावर गाण्यातला एक शब्द आठवत नाही. आजीला ओव्या सत्तर वर्षांनी आठवतात.

याचं कारण मला कामावर सापडलं. रिंग फ्रेम खात्यात आवाज इतका की शेजारचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. मशीनचाही ठेका आहे, बराच पक्का. सुरुवातीला मी त्यावर ओळी जुळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही, कारण मशीन थांबत नाही. शब्द मोठा असला तर त्याला चिरडून पुढे जातं, लहान असला तर पोकळी ठेवून पुढे जातं. धागा तुटला तर आपण धावायचं, त्याने नाही. जातं तसं नव्हतं. खुंटा बाईच्या हातात होता. शब्द लांब आला तर हात जरा सैल, आखूड आला तर 'वं' घालून फेरा पुरा. घास टाकायला हात गेला की चाल थांबायची, दम घ्यायची, पुढची ओळ सुचायची. जातं शब्दासाठी थांबत होतं.

जात्याचे दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही. पहाटे तीनला उठून दळणं हा छळ होता. गिरणी आली, बायांचे खांदे सुटले, चांगलं झालं. त्या छळातही ठेका तिच्या हातात होता, एवढीच गोष्ट मी उचलतो. आज आपल्या हातात माइक आहे, स्पीकर आहे, मैदान आहे, आणि ठेका दुसऱ्याचा आहे.

आता आम्हा कवींचा हिशोब. १९७२ साली 'गोलपिठा' आला आणि नामदेव ढसाळांनी छापील मराठीच्या तोंडावर बोलीतली मराठी आणून आदळली. प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारावे लागले. छंद मोडला, बरं झालं, तो मोडायलाच पाहिजे होता. पण त्यानंतर आपल्यात एक वाटणी झाली. कागदावर मुक्तछंद लिहितो तो 'कवी', मंचावर गातो तो 'गायक'. कवीवर परिसंवाद होतात, गायकाला हार घालून खाली उतरवतात. वामनदादांना ऐकून ज्यांच्या आया रडल्या, ते समीक्षेत त्यांचं नाव 'प्रचारगीते' या खणात टाकून मोकळे होतात. ही वाटणी जातीसारखीच आहे. लिहिणारा वर, गाणारा खाली. कवीने गाणं सोडलं म्हणून गाण्यात सिनेमा शिरला. दोष एकट्या डीजेवाल्याचा नाही.

कोणी कार्यकर्ता विचारेल, बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) प्रमाण मराठीत चालवले, तू आम्हाला 'मले-तुले' कडे कुठे मागे नेतो? प्रश्न बरोबर आहे. अर्ज, निवेदन, कोर्ट, वर्तमानपत्र यांसाठी प्रमाण मराठी आपल्याला आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. ती आपल्या हातातली काठी आहे. पण गाणं अर्ज नाही. सिनेमा-नाटकात वऱ्हाडी बोलणारं पात्र हमखास हसवायला ठेवतात. आपण गंभीर गाण्यातून ही बोली काढली तर तिला हसण्यापुरतीच शिल्लक ठेवल्याचं पाप आपलं.

बोली छापल्याने कविता लहान होत नाही, हे १९५२ सालीच दिसलं. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच खानदेशी बोलीत छापली गेली आणि सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ऐंशीच्या दशकापासून गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर भरल्या. त्यांत भीमावरच्या ओव्या आहेत, दलित बायांच्या तोंडच्या. नव्वदच्या दशकात काहींचं ध्वनिमुद्रणही झालं. आज त्या ऐकता येतात. पण त्या कामाचा गाभा मावळ-मुळशी, पुणे जिल्हा. आमच्या उमरेड, भिवापूर, पवनीच्या बाया अजून घरोघरी आहेत, आणि दर वर्षी त्यांतल्या काही जातात. १९५६ चा चौदा ऑक्टोबर ज्यांनी कडेवर पोर घेऊन पाहिला त्या बहुतेक गेल्याच. त्या दिवसावर त्यांनी काय म्हटलं, ते त्यांच्याच तोंडी कोणी धरून ठेवलं?

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या महिन्यात घरातल्या, गल्लीतल्या एका म्हातारीचं गाणं धरा. तिला 'म्हणून दाखव' म्हणू नका, हाताला काहीतरी फिरवायला द्या, मग येतं. दुसरं, उतरवताना ऐकलं तसं लिहा. जिथे सूर लांबला तिथे खूण करा, जिथे दम घेतला तिथे रेघ ओढा. एकही 'जलम' दुरुस्त करू नका. तिसरं कवींसाठी. गाणं लिहिलं की आधी मोठ्याने बोला. बोलताना जिथे थांबता तिथेच चाल थांबते का बघा. नसेल थांबत तर चाल वाकवा. चाल वाकत नसेल तर सोडून द्या.

स्टेन्सिल कापणाऱ्या मित्रालाही एक विनंती आहे. या लेखात मी काही शब्द घरच्यासारखे लिहिले आहेत. ते चुकीने पडलेले नाहीत.

माझ्या वहीचं काय झालं तेही सांगतो. ती 'शुद्ध' वही मी फाडली नाही, ठेवली आहे, लाज म्हणून. नवी वही केली. आजीला पुन्हा बसवलं, हातात रिकामी थाळी दिली फिरवायला. चाळीसपैकी एकतीस तिला आठवल्या. नऊ माझ्या शुद्ध मराठीत अडकून पडल्या आहेत आणि त्यांतून आजी बाहेर काढता येत नाही.

जय भीम.